आमवात कितव्या वर्षी सुरू झाला? वयाप्रमाणे लक्षणं, रिपोर्ट आणि औषधं कशी बदलतात

चार वर्षांपूर्वी चैत्रात माझ्या मामाने माझ्या औषधांच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढला, बाजारातल्या एका मेडिकलमध्ये दाखवला आणि गोळ्या घेऊन घरी आला. भाचीला आमवात (रुमेटॉइड आर्थरायटिस, सांधे सुजवणारा आजार) आहे, आपलेही सांधे धरलेत, मग कोल्हापूरला कशाला धक्के खात जायचं, असा त्याचा साधा हिशोब. माझी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा असते, त्याने ती रोज घेतली. आठव्या दिवशी तोंड आतून इतकं सोललं की पेज गिळता येईना, मग धावाधाव, अ‍ॅडमिट, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही खाली, क्रिएटिनिन (किडनीचा रिपोर्ट) वर. त्यावर उतारा म्हणून फोलिनिक अ‍ॅसिडची इंजेक्शनं देऊन नऊ दिवसांनी घरी आला तेव्हा मी जरा चिडूनच विचारलं, तर म्हणतो, "तुका बरा वाटला मा, मगे माका पण वाटतला."

रोज घेतली ही मोठी चूक झालीच. पण डॉक्टर नंतर म्हणाले की आठवड्यातून एकदा घेतली असती तरी माझा डोस त्याच्या किडनीला जडच गेला असता. मला हा आजार ३१ व्या वर्षी लागला, त्याला ६७ व्या. नाव एकच, पण सुरुवात वेगळी, रिपोर्टचा अर्थ वेगळा, औषधातला धोका वेगळा. त्या नऊ दिवसांत आणि नंतर डॉक्टरांना विचारून विचारून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितेय, कारण आमच्या कुडाळ-मालवण बाजूला अजून सगळ्याला नुसतं "वात" म्हणतात आणि गोळ्या शेजारी वाटून घेतात.

पायरी १: सुरुवातीची तारीख पकडा

निदान झालं ती तारीख नाही हं, पहिल्यांदा त्रास झाला ती. डॉक्टर विचारतात "कधीपासून?" आणि आपण म्हणतो "बरेच दिवस झाले". त्याने काही कळत नाही. आपल्याकडे तारखा सणांवर आणि शेतीवर लक्षात राहतात, तर तसंच आठवा. मला आठवलं ते असं, लावणीच्या दिवसांत तरवा काढताना मूठ आवळेना, नागपंचमीला मनगट सुजलं आणि गणपतीत मोदकाच्या कळ्या पाडता येईनात, पारी हातात नुसती धरून बसले होते आणि सासूबाईंना वाटलं मी कामचुकारपणा करतेय. म्हणजे दीड-दोन महिन्यांत हळूहळू वाढत गेलं. मामाचं उलटं, रात्री नीट झोपला आणि सकाळी दोन्ही खांदे असे धरलेले की सदरा डोक्यातून घालता येईना.

कागदावर चार गोष्टी लिहा: महिना, पहिला सांधा कुठला, किती दिवसांत पसरलं, आणि सकाळी आखडलेपण किती वेळ टिकतं. घड्याळ बघायची सवय नसेल तर कामावर मोजा. चहा पिऊन झाल्यावर हात सुटले तर ते वेगळं, आणि चहा झाला, घावणे झाले, पोरं शाळेत गेली तरी मूठ वळत नाही तर ते वेगळं. झिजेच्या संधिवातात हे आखडणं बहुतेक अर्ध्या तासाच्या आत जातं, आमवातात तासभर किंवा जास्त राहतं.

महिना का हवा तर पहिले तीन ते सहा महिने फार मोलाचे असतात. तेवढ्यात औषध सुरू झालं तर सांधे वाकडे व्हायचे वाचण्याची शक्यता बरीच जास्त. दुसरं म्हणजे चिकुनगुनिया. पावसाळ्यात ताप येऊन गेला आणि मग सांधे धरले तर ते हुबेहूब आमवातासारखं दिसतं, कधी कधी महिनोन्महिने. म्हणून आधी ताप होता का, घरात अजून कुणाला होता का, हेही लिहून ठेवा. सूज सहा आठवड्यांच्या वर राहिली तर आता वाट बघणं बस.

पायरी २: आपल्या वयाचं चित्र ओळखा

डॉक्टर लोक ढोबळ तीन गट करतात. १६ च्या आत सुरू झालं तर त्याला आमवात म्हणतच नाहीत, मुलांचा वेगळा संधिवात मानतात. १६ ते साधारण ६० तरुण वयातला, आणि ६० नंतरचा उशिराचा. काहीजण रेघ ६५ वर ओढतात, त्याने फार फरक पडत नाही.

तरुण वयातला ओळखायला त्यातल्या त्यात सोपा. हाताची छोटी पेरं, म्हणजे बोटांच्या मुळाचे आणि मधले सांधे, मनगट, पायाचे चवडे, आणि तेही दोन्ही बाजूंना. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की चवड्याखाली खडे आल्यासारखं वाटतं. आठवडे, महिने घेत वाढतो. बायकांमध्ये पुरुषांच्या दोन-तीन पट. नखाजवळचं शेवटचं पेर सहसा सुटतं, तिथे गाठी असतील तर ती बहुधा झीज. घरी एक बघता येतं, शेकहँड करतात तसा हात धरून बोटांच्या मुळाशी आडवं हलकं दाबायचं. कळ आली तर दवाखाना गाठा.

साठीनंतरचा मात्र फसवतो. बऱ्याचदा एकाएकी येतो, काही दिवसांत माणूस आडवा. मोठे सांधे धरतो, विशेषतः खांदे, गुडघेही. बारीक ताप, भूक नाही, वजन उतरतं, थकवा इतका की माणूस बोलायला कंटाळतो. बायका आणि पुरुष यांच्यातला फरक इथे बराच कमी होतो, म्हणून "हा बायकांचा आजार" म्हणून म्हाताऱ्या पुरुषांना कुणी तपासत नाही. मामाला आधी तीन आठवडे खोबरेल तेलात लसूण जाळून मालीश चालू होतं. मग एकाने फ्रोजन शोल्डर सांगितलं, एकाने मणका. मनगटं सुजली तेव्हा कुठे आमवाताचा विषय निघाला, आणि तेव्हाच मामाने तो फोटो काढला.

याच वयात पॉलिमायाल्जिया नावाचा दुसरा एक आजार येतो, पन्नाशीनंतर खांदे आणि कंबर-मांड्या सकाळी आखडतात, ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) वर चढलेला असतो, आणि थोड्या स्टिरॉइडने काही दिवसांत माणूस उठून बसतो. सुरुवातीला दोन्ही इतके सारखे दिसतात की पुढे हाताचे सांधे सुजले की निदान बदलावं लागतं. तेव्हा डॉक्टरांनी दोन महिन्यांनी नाव बदललं तर त्यांना काही येत नाही असं समजू नका. याबरोबर नवीन डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं किंवा नजर अंधुक होणं असलं तर त्याच दिवशी मोठा दवाखाना, ते डोळ्यावर जाऊ शकतं. आणि काही म्हाताऱ्या माणसांचे दोन्ही हात पंजाच्या पाठीवर इतके सुजतात की बोटाने दाबलं तर खड्डा राहतो. त्याचं नाव वेगळं आहे, ते थोड्या स्टिरॉइडने छान उतरतं, पण डॉक्टरांना दाखवायला हवं.

लहान मुलं तक्रारच करत नाहीत. सकाळी लंगडतं आणि दुपारी धावतं, मग घरच्यांना वाटतं शाळा चुकवायची नाटकं. एखादा गुडघा सहा आठवड्यांच्या वर सुजलेला असेल तर मुलांच्या डॉक्टरकडे, आणि सोबत डोळ्यांच्या डॉक्टरकडेही, कारण या मुलांच्या डोळ्यात आतून सूज येते आणि डोळा लाल होत नाही, दुखत नाही, गुपचूप नजर जाते. ज्यांना धोका जास्त त्यांची तपासणी दर तीन महिन्यांनी करतात. थोड्या मोठ्या मुलींमध्ये, ज्यांचा आरए फॅक्टर (आमवातासाठी करतात ती रक्ताची तपासणी) पॉझिटिव्ह येतो, त्यांचा आजार मोठ्यांच्या आमवातासारखाच चालतो.

पायरी ३: रिपोर्ट वाचताना वय बाजूला ठेवू नका

लॅबवाले आकड्यापुढे स्टार मारून देतात आणि आपण स्टार बघून घाबरतो. ईएसआर वयाबरोबर वाढतोच. ढोबळ हिशोब असा, पुरुषाचं वय भागिले दोन, बाईचं वय अधिक दहा आणि मग भागिले दोन. ७० वर्षांच्या बाईला ४० पर्यंत चालतो, ३० वर्षांच्या मुलीला २० च. मामाचा ९० च्या वर होता, तो काही वयाचा नाही. साठीनंतर सुरू होणाऱ्या आमवातात ईएसआर आणि सीआरपी (सुजेचीच दुसरी तपासणी) तरुणांपेक्षा जास्त चढलेले दिसतात.

आरए फॅक्टर म्हणजे आमच्याकडे शेवटचा निकाल समजतात, तसं ते नाही. वय वाढलं की धडधाकट माणसातही तो थोडाफार पॉझिटिव्ह येतो, आजार काही नसतो, आणि उलट उशिरा सुरू झालेल्या आमवातात तो निगेटिव्ह असण्याचं प्रमाण जास्त. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला पॉझिटिव्ह आला म्हणून आमवात आहेच असं नाही आणि निगेटिव्ह आला म्हणून नाही असंही नाही. अँटी-सीसीपी ही टेस्ट महाग असते पण जास्त भरवशाची, ती पॉझिटिव्ह आली तर बहुधा आमवातच. एक्स-रेवर साठीनंतर झिजेच्या खुणा निघणारच, "गॅप कमी झालाय" एवढ्यावर विषय संपवू नका, हाताचे सांधे खरंच सुजलेत का ते डॉक्टरांनी बोटाने दाबून बघायला हवं, शंका असेल तर सोनोग्राफी. २०१० पासून डॉक्टर १० गुणांची एक मोजणी वापरतात, सांधे किती आणि कुठले, आरए फॅक्टर-सीसीपी, ईएसआर-सीआरपी, त्रास किती दिवस आहे, आणि ६ गुण झाले की आमवात धरतात. त्यात नुसत्या रिपोर्टने सहा होत नाहीत हे लक्षात ठेवा.

आणि उतारवयात वजन फार उतरलं असेल तर डॉक्टर छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी वगैरे सांगतात. ते पैसे उकळणं नाही, इतर आजार आधी बाजूला काढायचे असतात.

पायरी ४: औषध ठरवताना स्वतःच्या वयाचे प्रश्न विचारा

तरुण मुलगी किंवा बाई असेल तर पहिला प्रश्न मुलाबाळांचा, आणि तो डॉक्टरने विचारायची वाट बघू नका. मेथोट्रेक्सेटवर असताना गर्भ राहणं धोक्याचं, ती किमान एक ते तीन महिने आधी बंद करायची असते, तोवर गर्भनिरोधक पक्कं हवं. लेफ्लुनोमाइड तर अंगात फार काळ राहतं, ते बाहेर काढायला वेगळी पावडर घ्यावी लागते, म्हणून ज्यांना मूल हवंय त्यांना डॉक्टर शक्यतो ते देतच नाहीत. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन आणि सल्फासॅलाझिन गरोदरपणात चालतात, सल्फासॅलाझिनबरोबर फोलिक अ‍ॅसिड हवं. पुरुषांसाठी एक सांगते कारण कुणी सांगत नाही, सल्फासॅलाझिनने शुक्राणू कमी होतात, गोळी थांबवली की परत येतात, तेव्हा दोन वर्षं मूल होत नाही म्हणून बायकोच्या तपासण्या करत बसण्याआधी गोळ्यांची पट्टी बघा.

लग्न ठरताना आजार लपवतात. मग नवरी सासरी गोळ्या लपवून घेते, कधी घेतच नाही, सहा महिन्यांत हात सुजतात आणि मग सगळ्यांना कळतंच. माझं मत विचाराल तर साखरपुड्याआधी सांगून टाकावं. गरोदरपणात बऱ्याच जणींना बरं वाटतं आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत उसळतं, नेमकं तेव्हा बाई माहेरी असते, डॉक्टर दुसरीकडे आणि कडेवर तान्हं. तेव्हा सातव्या महिन्यातच विचारून ठेवा की बाळंतपणानंतर कुठली गोळी, अंगावर पाजताना कुठली चालते. मेथोट्रेक्सेट पाजताना चालत नाही.

साठीनंतर प्रश्न बदलतात. किडनी किती चालते हे आधी, कारण मेथोट्रेक्सेट किडनीवाटे बाहेर पडते आणि क्रिएटिनिन नॉर्मल दिसलं तरी बारीक अंगाच्या म्हाताऱ्या माणसाची किडनी अर्ध्यावर आलेली असू शकते, म्हणून ईजीएफआर (किडनी किती चालते त्याचा आकडा) काढून मागा. दुसरं, घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, बीपीच्या, शुगरच्या, रक्त पातळ करायच्या, आयुर्वेदिक काढे आणि पुड्यासुद्धा. लघवीच्या इन्फेक्शनला सेप्ट्रानसारखी गोळी देतात, त्यातला ट्रायमेथोप्रिम मेथोट्रेक्सेटबरोबर जिवावर बेततो. तिसरं, दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफिनॅकची पट्टी आमच्याकडे किराणा दुकानात मिळते म्हणतात तेवढी सोपी झालीय, पण या वयात तीच बीपी वाढवते, जठरात अल्सर करते, किडनी बसवते. आणि जादूच्या पुड्या! दोन दिवसांत चालायला लागला असं कुणी सांगितलं की समजा, त्यात बहुतेक स्टिरॉइड घातलेलं असणार.

स्टिरॉइड वाईटच असं मी म्हणत नाही, थोड्या डोसने थोडे दिवस ते लागतं. तीन महिन्यांच्या वर गेलं की मात्र हाडं, शुगर, मोतीबिंदू या तिन्हींवर नजर हवी, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आणि हाडांची मजबुती मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनबद्दल विचारा. टोफासिटिनिबसारख्या नव्या गोळ्या पोटातून घ्यायच्या म्हणून लोकांना इंजेक्शनपेक्षा सोप्या वाटतात, पण पन्नाशीपुढच्या आणि हृदयाचा काहीतरी धोका असलेल्या लोकांवरच्या मोठ्या अभ्यासात हार्ट अ‍ॅटॅक आणि कॅन्सर जास्त दिसले, तेव्हा २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने इशारा दिला. ६५ च्या वर किंवा विडी-सिगारेट ओढणाऱ्याला त्या सहसा आधी देत नाहीत. बायोलॉजिक इंजेक्शन (गोळ्यांनी भागत नाही तेव्हा देतात ते महागडं) द्यायचं तर आधी टीबी आणि कावीळ बी-सी या तपासण्या कुठल्याही वयात. न्यूमोनिया, फ्लू, नागीण यांच्या लशी औषध वाढवायच्या आधी घेतल्या तर बऱ्या.

पण याच्या उलटी चूकही तेवढीच होते. "आता वय झालं, कशाला जड औषधं" म्हणून म्हाताऱ्यांना वर्षानुवर्षं नुसतं स्टिरॉइड आणि पेनकिलरवर ठेवतात. आजार थांबवणाऱ्या औषधांना उतारवयातही चांगला गुण येतो, डोस कमी ठेवायचा, सावकाश चढवायचा आणि रक्त तपासत राहायचं, एवढंच. आंघोळ स्वतःची स्वतः करता येणं सत्तरीत तिशीपेक्षा जास्त महत्त्वाचं असतं असं मला मामाकडे बघून वाटतं.

पायरी ५: मेथोट्रेक्सेटचा वार

आठवड्यातून एक वार. तो चिठ्ठीवर मराठीत लिहून घ्या, पट्टीवर मार्करने लिहा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करा. इतर गोळ्यांच्या डब्यात ती ठेवूच नका. फोलिक अ‍ॅसिडचा वार वेगळा (मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून ती गोळी सोबत देतात), दोन्ही पिवळ्या गोळ्या असल्या तर गोंधळ नक्की. रक्त तपासणी सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी, नंतर दोन-तीन महिन्यांनी: सीबीसी (रक्तपेशी), एसजीपीटी (लिव्हर), क्रिएटिनिन (किडनी). तोंडात फोड, कोरडा खोकला आणि दम, जुलाब-उलट्या लागून अंगातलं पाणी कमी झालं, यातलं काहीही झालं तर त्या आठवड्याची गोळी घेण्याआधी डॉक्टरना फोन.

आणि पावसाळ्यातला ताप. शेतात चिखलात अनवाणी उभं राहणाऱ्यांना लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) होतो हे कोकणात पोरांनाही माहीत आहे, पण ही औषधं घेणाऱ्याने ताप आला की क्रोसिन घेऊन तीन दिवस थांबायचं नाही, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन "मी मेथोट्रेक्सेट घेतो" हे पहिलं वाक्य बोलायचं. लावणीला जायचंच तर गमबूट, पायाला जखम असेल तर नकोच.

हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन घेणाऱ्यांनी सुरुवातीला एकदा डोळे तपासावेत आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी, किडनी कमी असेल तर पाच वर्षं थांबू नये.

पायरी ६: लांबचा डॉक्टर, जवळचा डॉक्टर

ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे आमवाताचा तज्ज्ञ डॉक्टर, आपल्याकडे गावात नाही. कोल्हापूर, गोवा, पुणे नाहीतर मुंबई. एक एसटी घाटातून, पाऊस असेल तर दरड. मी असं करते, तीन महिन्यांतून एकदा मोठा डॉक्टर, मधल्या तपासण्या इथल्या लॅबमध्ये आणि रिपोर्टचा फोटो पाठवायचा, गावातल्या डॉक्टरांना चिठ्ठीची झेरॉक्स देऊन ठेवायची. तारीख घेताना "सुजलेले सांधे मोजणार ना?" असं विचारते, थोडं आगाऊ वाटतं, पण मोजणी न करता नुसत्या "बरं आहे ना?" वर गोळ्या पुढे चालू राहतात, हे मी दोन वर्षं भोगलंय.

इंजेक्शन घरी आणायचं असेल तर ते २ ते ८ अंशात हवं. थर्मासमध्ये बर्फाला चिकटवून आणू नका, गोठलं तर वाया गेलं, मध्ये कापड हवं. जून-जुलैत आमच्याकडे लाइट दोन-दोन दिवस जाते, तेव्हा मी महिन्याचं एकदम आणत नाही, लागेल तेवढंच.

पायरी ७: घरकाम

यावर लोक पानंच्या पानं लिहितात, मी थोडक्यात. सकाळी गरम पाण्यात पाच मिनिटं हात, मग बोटं उघडझाप. कळशी बोटांनी उचलू नका, कमरेवर घ्या. विळीवर खोबरं खवायचं काम तरुण हातांना द्या, मिक्सर वापरला तरी देव रागवत नाही. तारली-बांगडा चांगला, पण मासे खाऊन आजार जात नाही. तरुणांना कामातून सुट्टी मिळत नाही ही अडचण, म्हाताऱ्यांना घरचे हलूच देत नाहीत ही अडचण, आणि साठीनंतर महिनाभर खाटेवर काढला तर मांड्यांची ताकद परत यायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. मामाला आता रोज माडाच्या बागेत दोन फेऱ्या ठरवून दिल्यात.

त्याचा डोस माझ्या निम्मा आहे. वार मंगळवार, माझा शनिवार, मुद्दाम वेगळे ठेवलेत. मंगळवारी रात्री जेवणानंतर मी फोन करते, तो "घेतलंय गे" म्हणतो, आणि मी पट्टीचा फोटो पाठवायला सांगते.